रॉक मशीन: टीव्हीच्या आधीची कीर्ती

१९८४ साली मुंबईत जमलेला रॉक मशीन हा बँड, १९९३ मध्ये त्याचं झालेलं इंडस क्रीड, १९९७ ची फाटाफूट हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. तो उगाळत बसत नाही. माझं भांडण वेगळंच आहे. पुण्या-मुंबईचे काही जाणकार अधूनमधून लिहितात, की या बँडला एमटीव्हीनं मोठं केलं. साफ चूक! ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला १९९३ मध्ये. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही त्यांची कॅसेट निघाली १९८८ मध्ये, ‘द सेकंड कमिंग’ १९९० मध्ये. तेव्हा छत्रीवाला टीव्ही होता कुठे? मग मधल्या काळात हे नाव पोट्ट्यांच्या तोंडी बसवलं कोणी?

कॉलेजांच्या महोत्सवांनी आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्यांनी. त्या काळी बँडनं डीप पर्पल नाहीतर लेड झेपेलिन हुबेहूब वाजवावं, एवढीच श्रोत्यांची मागणी. नक्कल जितकी घट्ट, तितक्या टाळ्या. अशा गर्दीपुढे स्वतःचं गाणं लावून धरायला छाती लागते. उदय बेनेगलचा आवाज, महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या दोन गिटारी, झुबिन बालापोरियाचा कीबोर्ड, मार्क सेल्विनचा बेस: या मंडळींनी ती छाती दाखवली. गावोगावच्या कॉलेजांत वाजवून त्यांनी आपला श्रोता एकेक करून जमवला. १९८६ पासून मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि धोबी तलावाजवळचं रंगभवन या पंथाचं पंढरपूर झालं.

आमच्याकडे, यवतमाळला, रॉक मशीनची कॅसेट आली मुंबईत शिकणाऱ्या एका मित्राच्या पिशवीतून. दत्त चौकातल्या कॅसेट भरून देणाऱ्यानं कव्हर उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “काहून भाऊ, इंग्लिश गाणे अन् हे आपल्या मुंबईचेच पोट्टे व्हय?” हो म्हटल्यावर त्यानं स्वतःसाठीही एक प्रत भरून घेतली. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची आणि पुन्हा लावायची. गाण्यांचे शब्द आम्ही वहीत उतरवले, निम्मे चुकीचे. जाहिरातीनं गिऱ्हाईक मिळतं. भक्त असे वहीतून तयार होतात.

पुढचं भराभर सांगतो. बँड फुटल्यावर बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं ‘आम्स फॉर शांती’ हा बँड काढला. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. अल्बम चांगलाच होता. पण तोवर आजूबाजूची रुग्णालयं आणि शांतता क्षेत्राच्या नियमांपायी रंगभवन मुकं झालं होतं.

आणि आमचं यवतमाळ? दुर्गोत्सवासाठी दूरदूरचे लोक इथं येतात. मंडळांची रोषणाई डोळे दिपवते, मिरवणुकीतला डीजे छाती हादरवतो. पण हातानं वाजवलेलं वाद्य शोधावं लागतं. पोरं गिटार शिकतात ती मोबाइलवर बघून, आणि वाजवतात पुन्हा दुसऱ्याचंच. जिथून रॉक मशीननं वाट काढली, तिथंच आपण परत येऊन ठेपलो.

म्हणून मंडळांना एक विनंती. पुढच्या नवरात्रात एक संध्याकाळ डीजे बंद ठेवा आणि गावातल्या पोरांना मंच द्या. अट एकच: गाणं स्वतःचं हवं. वऱ्हाडीत असलं तर फारच उत्तम. वर्गणीची पहिली पावती माझ्या नावानं फाडा.