मांजराला 'एड्स' निघाला म्हणून पोत्यात घालून सोडून यायचं का? आधी हे वाचा

सातारा : गावाकडं मांजर कुणी विकत आणत नाही, ते आपोआप येतं. कणगीला उंदीर लागले की कुठून तरी एखादं मांजर पडवीत दिसायला लागतं. पोरं भाकरीचा तुकडा टाकतात, त्याला नाव ठेवतात आणि महिन्याभरात ते घरचं होतं. पूर्वी ते आजारी पडलं तर आठ दिवस कोपऱ्यात बसायचं आणि एक दिवस दिसेनासं व्हायचं. आता तालुक्याच्या गावीही कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने झालेत. कान फाटलेला, पायाला पू झालेला बोका कुणी तिथं नेतो, डॉक्टर रक्ताचे दोन-तीन थेंब किटवर टाकतात आणि दहा-पंधरा मिनिटांत सांगतात, 'एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे.'

घरी येईपर्यंत त्याचं 'मांजराला एड्स झालाय' असं होतं. मग शेजारीपाजारी बोलू लागतात, घरातली म्हातारी माणसं घाबरतात आणि रात्री पोत्यात घालून मांजर ओढ्यापलीकडं सोडायचं ठरतं. एवढी घाई करण्यासारखा हा आजार नाही. पण पॉझिटिव्ह मांजर सांभाळणं म्हणजे नुसती दया दाखवणंही नव्हे. त्याला घर कसं द्यावं लागतं, हे आधी समजून घ्या.

हा विषाणू १९८६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मांजरांमध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाच्या एचआयव्हीच्या कुळातला तो आहे, म्हणून हे नाव चिकटलं. मात्र तो मांजराच्या जातीपुरताच राहतो. माणसाला होत नाही. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी यांनाही होत नाही. बोका गोठ्यात झोपला म्हणून दुधाला काही होत नाही, लहान मुलानं मांडीवर घेतला म्हणून मुलाला काही होत नाही.

मांजरातून मांजरात तो जातो मुख्यतः खोल चाव्यातून. रात्री कौलांवर जी भांडणं चालतात, त्यात सुळे आत रुततात आणि लाळेतला विषाणू रक्तात उतरतो. म्हणून हा आजार जास्त करून मोकाट फिरणाऱ्या, खच्ची न केलेल्या बोक्यांत दिसतो. लागण झाल्यावर काही दिवस ताप येतो, गाठी सुजतात, मग सगळं शांत होतं. पुढं कित्येक वर्षं मांजर अगदी ठणठणीत दिसतं. हळूहळू प्रतिकारशक्ती कमी झाली तर हिरड्या सुजणं, तोंडातून लाळ गळणं, न हटणारी सर्दी, जुलाब, वजन घटणं सुरू होतं. औषधानं हा विषाणू शरीरातून जात नाही. पण वरून होणाऱ्या आजारांवर वेळच्या वेळी उपचार झाले, तर अशी बरीच मांजरं इतर मांजरांएवढीच जगतात.

दुसरा विषाणू जास्त घातक

इथं एक घोटाळा नेहमी होतो. त्याच किटवर बऱ्याचदा दुसऱ्या विषाणूचीही तपासणी असते, तो म्हणजे एफईएलव्ही, मांजरांचा ल्युकेमिया. दोन्ही नावं सारखी वाटतात, पण हिशोब वेगळा आहे. ल्युकेमियाचा विषाणू एकमेकांना चाटल्यानं, एकाच वाटीत खाल्ल्यानं, आईकडून पिलांना असा सहज जातो. त्यात रक्त कमी होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, गाठी होतात. तो शरीरात कायमचा मुरला तर बरीच मांजरं दोन-तीन वर्षांत दगावतात. तेव्हा डॉक्टर नुसतं 'पॉझिटिव्ह' म्हणाले की लगेच विचारा : कशाला पॉझिटिव्ह? आणि कागदावर लिहून घ्या.

घरात आधीपासून दुसरी मांजरं असतील तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. एफआयव्हीचा बोका शांत असेल, मारामारी करत नसेल, तर तो इतरांबरोबर राहू शकतो. ल्युकेमियाच्या मांजराला मात्र वेगळी खोली, वेगळी वाटी लागतेच. ते जमणार नसेल तर जिथं दुसरं मांजर नाही अशा घरी ते देणं बरं. माणसाला धोका याचाही नाही. दोन्ही विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाहीत, साबणाच्या पाण्यानं वाट्या धुतल्या तरी पुरतं.

एका तपासणीवर निकाल लावू नका. एफआयव्हीची लागण झालेल्या मांजरीची पिलं सहा महिन्यांपर्यंत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्यं त्यांच्या रक्तात असतात. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासा. नुकताच चावा बसलेला असेल तर उलटं होतं, तपासणी निगेटिव्ह येते. मग दोन महिन्यांनी परत करावी लागते. ल्युकेमियाचीही महिन्याभरानं खात्री करून घ्यावी.

कौलारू घराचं काय करायचं?

खरी अडचण इथं आहे. डॉक्टर सांगतात, मांजर घरातच ठेवा. फ्लॅटमध्ये हे सोपं, पण आपल्या घरांना दहा वाटा : कौलांच्या फटी, न्हाणीचं भोक, कायम उघडं दार. सगळं घर बंद करणं कुणालाच जमणार नाही. एक खोली किंवा पडवीचा एक भाग कोंबड्यांच्या जाळीनं बंद करता येतो. घमेल्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा ठेवला की मांजर त्यात जायला दोन-चार दिवसांत शिकतं. निदान रात्री तरी ते आत असलं पाहिजे, कारण भांडणं रात्रीच होतात.

त्याआधीचं काम म्हणजे नसबंदी. बोका खच्ची केला की काही आठवड्यांत त्याचं भटकणं आणि भांडणं बरीच कमी होतात. त्याला बरं वाटतंच, गावातल्या बाकीच्या मांजरांनाही लागण कमी होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराची नसबंदी होते का, किट आहे का, हे जायच्या आधी फोनवर विचारा. बऱ्याच ठिकाणी सगळा भर गाई-म्हशींवर असतो, त्यात त्या डॉक्टरांचाही दोष नाही. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही चौकशी करता येईल. लस देताना मांजर पॉझिटिव्ह आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा, त्यावरून ते लस निवडतात. रेबीजची लस चुकवू नका.

खाण्याचं बघायचं तर नुसत्या दूध-भाकरीवर कुठलंच मांजर नीट जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं. या मांजराला अंडं, मासळी, कोंबडी शिजवूनच द्या, कच्चं नको. घरात उंदराचं औषध टाकू नका, विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरतं. आणि ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी तर अजिबात देऊ नका. एका गोळीनं मांजर जाऊ शकतं.

महिन्यातून एकदा झोळीत घालून वजनकाट्यावर टांगा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. आजार दिसायच्या आधी वजन उतरतं, असा अनुभव बऱ्याचदा येतो. सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवा, दात आणि हिरड्या खास करून.

मोकाट बोका पकडताना हात घालू नका. चार दिवस एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा, मग डालग्याखाली घ्या आणि वर पोतं टाका. चावला किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. एफआयव्ही माणसाला होत नाही, रेबीज होतो. घरात कुणावर कर्करोगाचे उपचार चालू असतील, कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर मांजर आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कारण हा विषाणू नव्हे, तर मांजराकडून येणारे नायट्यासारखे इतर संसर्ग.

आणि एकदा घरात घेतलेलं मांजर उपाशी मरेल अशा जागी टाकून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. झेपणार नसेल तर आधीच नाही म्हणा, किंवा त्याला दुसरं घर बघा. देताना रिपोर्टचा कागदही सोबत द्या.