रीडी नदीवरील धबधबा-उद्यान : एका विस्मृत नदीकाठाचे पुनरुज्जीवन

प्रस्तावना :
नगरांचा उगम नदीकाठी झाला हे सर्वमान्य आहे. परंतु ज्या प्रवाहामुळे नगर वसले, त्याच प्रवाहाकडे नगराने पाठ फिरविल्याची उदाहरणेही कमी नाहीत. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल हे त्यांपैकी एक होय. तेथील ‘फॉल्स पार्क ऑन द रीडी’ या उद्यानाच्या जडणघडणीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमी :
ॲपलाचियन पर्वतरांगांच्या पायथ्याशी पसरलेल्या पीडमाँट प्रदेशात हे शहर वसले आहे. रीडी ही सलुडा नदीची उपनदी. शहराच्या मध्यभागी तिच्या पात्रात कठीण खडक उघडा पडला आहे. त्याची झीज अत्यंत सावकाश होत असल्याने पाणी टप्प्याटप्प्याने खाली कोसळते. हा धबधबा उंचीमुळे नव्हे, तर त्यातून मिळणाऱ्या जलशक्तीमुळे महत्त्वाचा ठरला.

ऐतिहासिक वाटचाल :
मूळच्या चेरोकी लोकांच्या या भूमीत रिचर्ड पेरिस याने १७७० च्या सुमारास धबधब्याजवळ व्यापारी ठाणे व पाणचक्की उभारली. १७७७ च्या तहानुसार चेरोकींना हा प्रदेश सोडावा लागला. १८१५ मध्ये व्हार्ड्री मॅकबी याने येथील सुमारे ११,००० एकर जमीन विकत घेतली व नदीकाठी गिरण्या सुरू केल्या. १८७० च्या दशकात कॅम्परडाउन ही कापडगिरणीही येथेच उभी राहिली. उद्योगांमुळे शहराची भरभराट झाली. नदी मात्र सांडपाणी वाहून नेणारा नाला बनली. १९६० मध्ये धबधब्याच्या अगदी वरून चौपदरी कॅम्परडाउन पूल बांधण्यात आला आणि शहराचे उगमस्थानच दृष्टीआड झाले.

पुनरुज्जीवन :
१९६७ मध्ये कॅरोलायना फूटहिल्स गार्डन क्लब या संस्थेने नगरपालिका व फर्मन विद्यापीठ यांच्या सहकार्याने २६ एकर जागा उद्यानासाठी मिळविली. तथापि पूल कायम असेपर्यंत धबधबा झाकलेलाच राहणार होता. वाहतुकीच्या उपयोगाचा पूल पाडावा काय, हा खरा वादाचा प्रश्न होता. अखेर २००२ मध्ये तो पाडण्यात आला. २००४ मध्ये त्या जागी पादचाऱ्यांसाठी लिबर्टी पूल खुला झाला. ३५५ फूट लांबीचा हा वक्राकार पूल केवळ एका बाजूच्या तारांनी तोललेला आहे. दुसऱ्या बाजूस तारांचा अडथळा नसल्यामुळे धबधबा पूर्णपणे दृष्टीस पडतो.

समारोप :
उद्यानासाठी जागा राखणे पुरेसे नसते. निसर्ग पुन्हा दृश्यमान करण्यासाठी एखाद्या सोयीचा त्याग करावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. धबधबा दिसू लागला म्हणजे नदी निर्मळ झाली, असे मात्र नव्हे. तिच्या पाण्याची शुद्धता वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रावर अवलंबून असते. म्हणून उद्यान ही नदीसंवर्धनाची परिपूर्ती नसून प्रारंभ मानणे उचित ठरेल.