'तडीपार' : एका रॅप अल्बमचे शीर्षक आणि वस्तीची भाषा

प्रस्तावना

रॅप संगीताचा विषय निघाला की अध्यापक वर्गात तो बहुधा 'आजच्या पिढीची आवड' म्हणून बाजूला सारला जातो. पुण्यातील ताडीवाला रस्त्यालगतच्या वस्तीत वाढलेल्या एम. सी. स्टॅन या रॅपरचा 'तडीपार' (२०२०) हा एकल अल्बम मात्र भाषेच्या अध्यापकांनी तरी लक्षपूर्वक ऐकावा असा आहे. त्यामागे चित्रपटाचे पाठबळ नव्हते. शब्द, गायन आणि चाली या तिन्ही बाजू मुख्यतः त्याच्याच होत्या. २०२३ मध्ये 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाच्या विजेतेपदामुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने त्याआधीचा हा अल्बमच अधिक मोलाचा ठरतो.

शीर्षकाचा अर्थ

'तड' म्हणजे काठ, कड. काम 'तडीस नेणे' यात हा शब्द सिद्धीचा अर्थ देतो, तर 'तडीपार'मध्ये हद्दपारीचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ५५ ते ५७ अन्वये एखाद्या व्यक्तीस जास्तीत जास्त २ वर्षांसाठी हद्दीबाहेर जाण्याचा आदेश देता येतो. कलम ५६ नुसार त्यासाठी दोषसिद्धी आवश्यक नसते. धोक्याची सबळ शंका आणि साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत, ही कारणे विचारात घेतली जातात. आदेशात लगतचे जिल्हेही समाविष्ट करता येतात. म्हणजे घुग्घुसहून वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात पाऊल ठेवले तरी 'तड' पार होतेच असे नाही! विशीतील एक तरुण हाच शब्द स्वतःच्या अल्बमच्या माथ्यावर मिरवतो, तेव्हा वस्तीवर आधीच बसलेला शिक्का तो आपल्या हाताने उचलून घेत असतो. या अल्बममागील 'ट्रॅप' शैलीचे नावही असेच आहे. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या बोलीत अमली पदार्थांची विक्री होणाऱ्या घराला 'ट्रॅप' म्हटले जाई.

भाषेचा प्रश्न

अल्बमची भाषा स्थूलमानाने हिंदी होय. तथापि ती पाठ्यपुस्तकातील हिंदी नव्हे. दक्षिणेत घडलेल्या दखनीने मराठीतील निश्चयार्थक 'च' आणि 'नको' हे शब्द फार पूर्वीच आत्मसात केले. 'मेरेको', 'ऐसाइच' अशी रूपे पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत याच परंपरेला जवळची आहेत. त्यांना 'बिघडलेली हिंदी' म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही, कारण 'च' कोठे लागतो आणि कोठे लागत नाही याचा नियम बोलणाऱ्यास पक्का ठाऊक असतो.

या गीतांतील शिवीगाळ व स्त्रीविषयक उद्गार यांचे समर्थन करण्याचे मात्र कारण नाही. तसेच रॅपला घाईने पोवाड्याचा वंशज ठरवून प्रतिष्ठा मिळवून देण्याचा खटाटोपही अनाठायी वाटतो. त्याचे मोल भाषेच्या साक्षीत आहे, वंशावळीत नव्हे.

कोळसा खाणी, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने यांभोवती वसलेल्या घुग्घुसमध्ये मराठी, हिंदी व तेलुगू एकाच घराच्या उंबरठ्यावर भेटतात. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठीची अपेक्षा रास्तच आहे. परंतु वर्गात उत्तर देताना विद्यार्थ्याच्या तोंडून 'मेरेको' निघाले, तर तेथे अज्ञान नसून दुसरे व्याकरण उभे असते. ते ओळखता आले तर त्या विद्यार्थ्याला प्रमाण भाषेचे रूप शिकविणे सोपे जाते. हसण्यावारी नेले तर तो पुढच्या तासाला बोलतच नाही.