ओंडके ओढणारें जुनें यंत्र

अंबरनाथच्या पश्चिमेस विम्को नाका आहे. ज्या काडेपेटीच्या कारखान्यावरून हें नांव पडलें, तो आतां बंद आहे. परंतु सावरीसारख्या मऊ लाकडाचा ओंडका सोलून काड्या होतात, हें येथील जुन्या मंडळींस ठाऊक आहे. तो ओंडका रानांतून सडकेपर्यंत आणावयाचा कसा? पूर्वीं बैल ओढीत. गडचिरोली जिल्ह्यांत कमलापूरच्या हत्तींनीं हेंच काम केलें. परदेशांत तें स्किडर करतो. चार थोर चाकें, कमरेंत सांधा, पाठीशीं विंच व पोलादी दोर. ओंडक्याचें एक टोंक उचलून धरिलें म्हणजे तो जमिनींत रुतत नाहीं.

आमच्या परिचयाचा एक तरुण असें एक लहानसें जुनें यंत्र घेऊं पाहतो. त्यानें रंगास भुलूं नये. प्रथम कमरेचा सांधा पाहावा. स्टीअरिंग दोहों बाजूंस फिरवितांना तेथें खडखड झाली, तर पिन व बूश झिजले असें समजावें. इंजिनाचें तेल दुधाळ दिसल्यास आंत पाणी शिरलें आहे. गिअरच्या तेलांत धातूचा कीस चमकला तर दांते झिजत आहेत. पात्राच्या आधारें घृत कीं घृताच्या आधारें पात्र, हा नैयायिकांचा वाद येथें कामाचा नाहीं. तेल पेटींत आहे कीं खालीं गळलें आहे, एवढेंच पाहावें!

खरें भय निराळेंच आहे. दुरुस्तीसाठीं दोन चाकांमधील त्या सांध्याशीं शिरण्यापूर्वीं अडसराचा दांडा लावलाच पाहिजे. यंत्र किंचित् वळलें तरी मधला मनुष्य चिरडतो. दोराच्या तुटक्या तारा हातांत घुसतात, म्हणून चामड्याचे हातमोजे हवेत. ताणलेल्या दोराच्या रेषेंत किंवा त्याच्या कोनांत कोणीं उभें राहूं नये. आडव्या दिशेनें ओढल्यास यंत्र उलटतें. तेव्हां चालकास पिंजरा व कमरेचा पट्टा हींच तारतात. पिंजरा कापून पुन्हां जोडलेला दिसल्यास सौदा मोडावा, मग किंमत कितीही कमी असो.

नित्याची निगा सोपी, पण कंटाळवाणी आहे. पोटाखालच्या पत्र्यावर सांचलेला पालापाचोळा रोज काढावा; त्यांत तेल ठिबकलें म्हणजे आग लागावयास वेळ लागत नाहीं. रेडिएटरची जाळीही झाडावी. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हीं चाकें चिखलांत खोल चर पाडतील, तेव्हां काम बंदच ठेवावें. पुढचें पातें जमिनीवर टेकवावें, दोरास वंगण द्यावें व यंत्र छपराखालीं उभें करावें.