ड्युटीच्या तासांची चाळीस वर्षं

डॉक्टरांच्या थकव्याकडे जगाचं लक्ष गेलं ते एका रुग्णाच्या मृत्यूमुळे. मार्च 1984मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थपणामुळे रात्री दाखल झाली. नैराश्यासाठी ती फेनेल्झिन घेत होती. तिथे तिला पेथिडिन देण्यात आलं. ही दोन औषधं एकत्र देणं धोक्याचं असतं. सकाळी ती गेली. रात्री तिची जबाबदारी शिकाऊ डॉक्टरांवर होती, आणि त्यांच्याकडे इतरही पुष्कळ रुग्ण होते. वडील सिडनी झायन वकील आणि पत्रकार. त्यांनी प्रकरण लावून धरलं. (त्यांच्या हातात लेखणी नसती, तर फाइल तिथेच बंद झाली असती असं मला वाटतं.) ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवले नाहीत, ताशेरे ओढले ते प्रशिक्षणाच्या पद्धतीवर. 1989मध्ये न्यूयॉर्क राज्यात मर्यादा आली: आठवड्याला 80 तास, सलग 24. देशभर 80 तासांची मर्यादा लागू व्हायला 2003 उजाडलं.

कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे होतो. केंद्राच्या 1992च्या रेसिडेन्सी योजनेत निवासी डॉक्टरांना सलग 12 आणि आठवड्याला साधारण 48 तास काम सांगितलं आहे, पण ‘कामाची निकड’ पाहून. आपल्या सरकारी रुग्णालयांत ही निकड रोजचीच. इमर्जन्सीला सकाळी उभा राहिलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी राउंड आणि ओपीडी उरकूनच खोलीवर जातो.

महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेचे संप झाले, विद्यावेतन वाढलं. 2017मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सुरक्षारक्षकांचा प्रश्न ऐरणीवर आला. झोपेचा प्रश्न मात्र मथळ्यांत क्वचितच आला.

2019मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. म्हणजे बिघाड ड्युटीच्या तक्त्यात आहे. आपण मात्र योगाची, ध्यानाची सत्रं भरवत राहिलो. त्यासाठी निवासी डॉक्टरने वेळ काढायचा, तोही झोपेतूनच. मग कोविड आला आणि तक्ताच नाहीसा झाला.

2024मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाचा अहवाल आला. सर्वेक्षणात उत्तरं देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. कार्यगटाची शिफारस: आठवड्याला कमाल 74 तास, एक सुटी, रोज सात-आठ तास झोप. म्हणजे 1992च्या तुलनेत 26 तास जास्त, आणि तीही नुसती शिफारस.

अधिष्ठात्यांनी प्रत्येक युनिटचे प्रत्यक्ष भरलेले तास दर महिन्याला सूचनाफलकावर लावावेत. तोवर योगाचं सत्र रद्द करून तो वेळ झोपायला दिला तरी चालेल.