बारीक अंगाची मुले आणि लठ्ठपणाचा धोका

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथे मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला तर बहुतेक आया-आज्या म्हणतील, तो शहरातला आजार. आमची पोरे अंगच धरत नाहीत. त्यांचे म्हणणे डोळ्यांना दिसते त्याला धरूनच आहे. सातारा महामार्गालगत नसरापूर-कापूरहोळच्या बाजूला एखादे स्थूल मूल दिसेलही. पण तोरण्याच्या पायथ्याला किंवा नीरा देवघरच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर काडीसारखे हातपायच जास्त दिसतात. राज्याचे आकडेही तेच सांगतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. त्याच पाहणीत उंचीच्या मानाने जास्त वजनाची मुले ४.१ टक्के होती आणि आधीच्या पाहणीत ती १.९ टक्के होती. हे दोन आकडे आपण दोन वेगळ्या घरांचे समजतो. उपाशी घर एक, सुखवस्तू घर दुसरे. पुणे जिल्ह्यातल्याच संशोधनाने हा समज खोडून काढला आहे. वजनकाट्यावर कमी भरणाऱ्या मुलाच्या अंगातही चरबी प्रमाणाबाहेर असू शकते, आणि लठ्ठपणाचे पुढचे दुखणे त्यालाच आधी गाठते. म्हणून भोर-वेल्ह्यात लठ्ठपणा टाळायचा, तर मुलाचे खाणे कमी करून चालणार नाही. घरात कोणाच्या ताटात काय पडते, हे बदलावे लागेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. गावे भोर-वेल्ह्यातली नव्हती, पण शेतीत राबणाऱ्या, भाकरी-भातावर जगणाऱ्या बायका तशाच. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. वजनात एवढी तूट असताना चरबीतही तेवढीच तूट दिसायला हवी होती. प्रत्यक्षात तुटवडा पडला होता तो स्नायूंचा आणि पोटातल्या अवयवांचा. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली मोजलेली चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. मोठेपणीही हा फरक पुसला जात नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के.

याहून महत्त्वाची गोष्ट १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळली. केईएममध्येच जन्मलेल्या ४७७ मुलांना आठव्या वर्षी तपासले, तेव्हा इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त कोणात आढळली? जी जन्मतः लहान होती आणि आठ वर्षांपर्यंत वजनदार झाली होती, त्या मुलांत. हा मधुमेहाकडे जाणारा रस्ता आहे. ‘बारीक आहे, काहीही खाऊ दे, अंगावर मांस चढेल’ असे म्हणून आपण बिस्किटे आणि चटपटीत खाऊच्या पुड्या मुलाच्या हातात देतो, तेव्हा मांस चढत नाही. मांस चढायला प्रथिने लागतात. मैदा, साखर आणि तेल यांतून चढते ती चरबी.

आणि आज वाडीवरच्या दुकानातही टांगलेली असते ती पाच-दहा रुपयांची पुडीच. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भात, संध्याकाळी पुडी, रात्री पुन्हा भात, असा दिवस अनेक मुलांचा जातो. ग्लुकोजच्या बिस्किटात वजनाच्या पाव भागाच्या आसपास साखर असते. चहा तर अन्नातले लोहही अंगी लागू देत नाही. यावर आईबाप जे सांगतात ते खोटे नाही. आई भातलावणीच्या चिखलात, बाप शिरवळच्या कारखान्यात पाळीवर; रडणाऱ्या पोराला पुडी देणे सर्वांत सोपे. पण पुडी स्वस्त आहे, हे मात्र मला पटत नाही. दहा रुपयांच्या दोन पुड्या आणल्या, तर तेवढ्यात दोन अंडी येतात किंवा मूठ-दोन मुठी शेंगदाणे-गूळ येतो. रात्रीची नाचणीची भाकरी सकाळी दुधात किंवा ताकात कुस्करून द्यायला चूल पेटवावी लागत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आसपास.

तरीही ‘जुने तेच चांगले’ असे म्हणण्याचा मोह मी टाळते. आमच्या या मावळपट्ट्यातले जुने जेवण पुरेसे नव्हते. वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरई पिकायची, हुलगे-पावटे असायचे, कारळ्याची चटणी असायची, पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, कर्टुली मिळायची. पण उन्हाळ्यात भाजीचा पत्ता नसे, आणि दूध घरात असले तरी ते विकायला जाई. त्या जेवणात धान्य आणि कडधान्य चांगले होते, भाजी आणि दूध तोकडे होते. आज वरकस जमिनीवरची नाचणी घटली, काही उतार फार्महाऊसच्या कुंपणात गेले, रेशनवर तांदूळ-गहू येतो. म्हणजे चांगला होता तो भाग गेला आणि तोकडा होता तो तसाच राहिला. माळकरी घरांत अंडी-मासे नसतात. तिथे दूध-दही-ताक हाच ब-१२ जीवनसत्त्वाचा मुख्य आधार, आणि नेमके तेच डेअरीला जाते.

सहा गावांच्या त्या अभ्यासातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष २००१ साली छापून आला. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले, यावर बाळाची वाढ ठरत नव्हती. पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या बायकांच्या खाण्यात वारंवार होते, त्यांची बाळे भरीव होती. पुढे असेही दिसले, की ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला विरोध अधिक होता. म्हणजे मुलाच्या लठ्ठपणाची आणि मधुमेहाची तयारी आईच्या ताटातून सुरू होते. आपल्याकडे ते ताट सर्वांत शेवटी वाढले जाते. पुरुष आणि मुले जेवून उठली की भाजीच्या कढईत रस्सा उरतो, आणि तिच्या वाट्याला भात, चटणी आणि खरवड येते. कुटुंबाने एकत्र बसून जेवावे असे मी म्हणते, ते एवढ्यासाठी. सगळे एकदम बसले, तर भाजीचे वाटे सर्वांच्या डोळ्यांदेखत होतात.

कोणी म्हणेल, जिथे पोटभर मिळत नाही तिथे लठ्ठपणाची भीती घालणे क्रूरपणाचे आहे. मुलाचा घास काढायला सांगितले असते, तर ते खरोखर क्रूर ठरले असते. इथे उलट आहे. कुपोषणावरचा आणि लठ्ठपणावरचा उपाय एकच, ताटात भाजी, कडधान्य, दूध किंवा अंडे वाढवणे. दुसरा आक्षेप असा, की आमची पोरे डोंगर चढतात-उतरतात, त्यांना काय होणार? चालण्याने स्नायू टिकतात हे खरे, पण ते घडायला लागणारे अन्न चालण्यातून मिळत नाही.

सगळा भार घरावर टाकणेही बरोबर नाही. गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली आणली. पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. पुणे जिल्ह्यातला आंबेगाव-जुन्नरचा भाग त्यात येतो, भोर-वेल्हे येत नाही. इथल्या महादेव कोळी, कातकरी आणि धनगर वस्त्यांवरची गर्भवती तेवढीच राबते. ते एक ताट तिला मिळावे, ही मागणी पंचायत समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरायला हवी. अंगणवाडीच्या नोंदीतही निव्वळ वजन वाढले म्हणून समाधान मानू नये. उंची त्याच्या जोडीने वाढते आहे का, हे दर वेळी आईला दाखवावे.