खुनी शोधताय? आधी घराचा नकाशा बघा!

आजची गोष्ट सोजी शिमादा यांच्या १९८२च्या जपानी कादंबरीची. इंग्रजीत नाव ‘मर्डर इन द क्रुकेड हाउस’. शेवट सांगणार नाही, प्रॉमिस!

होक्काइदो बेटाचं उत्तर टोक. बर्फात एकटाच उभा असलेला बंगला, तोही मालकाने मुद्दाम तिरका बांधून घेतलेला. ख्रिसमसला पाहुणे जमतात आणि आतून बंद खोलीत खून होतो.

अशा रहस्यकथांना जपानमध्ये ‘होन्काकु’ म्हणतात. त्यात डिटेक्टिव्हला मिळतात ते धागेदोरे वाचकालाही मिळायला हवेत. म्हणून शिमादा घराचे नकाशे देतात आणि उलगड्याआधी थेट वाचकालाच आव्हान देतात.

मी ते नकाशे भराभर उलटले, एकेका पाहुण्यावर संशय घेत बसलो आणि सपशेल हरलो. तुम्ही वाचाल तेव्हा खुनी कोण हे नंतर शोधा. आधी विचारा, घर तिरकं का?